टँकरच्या पाण्यातली कोळंबी

टँकर आला की मला बरं वाटतं, हे आमच्या सोसायटीत कुणापुढे बोलायची सोय नाही. लोक वेड्यात काढतील. एप्रिल लागला की ग्रुपवर सेक्रेटरींचे हात जोडलेले मेसेज सुरू होतात, ‘पाणी जपून वापरा’, आणि त्याखाली चौथ्या मजल्यावरच्या बाईंची ठरलेली तक्रार की या पाण्यानं केस गळतात. गळतात हो, माझेही गळतात. तरी सकाळी गेटपाशी तो मागे यायला लागतो, बारीक टूं-टूं वाजत राहतं, क्लीनर गाडीच्या पाठीवर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" करतो, आणि मग जाड पाइप टाकीत पडून पाण्याचा घोगरा आवाज सुरू होतो, तेव्हा मी हातातलं लाटणं तसंच घेऊन बाल्कनीत जाते. पाणी नुसतं ऐकत उभी राहते. खालून ओल्या सिमेंटचा वास येतो. मोशीच्या त्या पांढऱ्याफटक उन्हात एवढाच एक गार वास. आणि मग तो एक उन्हाळा सगळाच्या सगळा परत येतो, पडद्यातून गाळून आलेल्या दुपारच्या हिरवट उजेडासकट.

आमच्या घरात उन्हाळ्यात पाण्याच्या तीन जाती असतात. एक नळाचं, म्हणजे नदीचं, दिवसाआड येणारं. चहा खरा त्याचाच. दुसरं टँकरचं, कुठल्या तरी खोल बोअरचं. ते जड. त्यात तुरीची डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा सोडत नाही, साबण हाताला नुसता चिकटतो, आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उठते. तिसरं फिल्टरचं, ज्याला ना वास ना चव. मी कोकणातली, गुहागरच्या बाजूची. आमच्याकडचं पाणी इतकं हलकं की अंगावरचा साबण उतरायचं नाव घेत नाही. लग्न होऊन आधी कासारवाडीत, सासरच्या घरी आले तेव्हा सुरुवातीला माझं पोट जे बिघडलं ते बरेच दिवस बिघडलेलंच. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तिला इथलं पाणी अजून मानवलं न्हाई." मला तेव्हा त्या वाक्याचा राग यायचा. आता वाटतं, किती समजूतदार बोलत होत्या. दोष पोरीचा नाही आणि पाण्याचाही नाही, एवढं सगळं त्यात आलं.

माझा नवरा मिलिंद चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपमध्ये क्वालिटीला आहे. गाडीच्या पत्र्यावर रंगाचा थर किती, धुळीचा कण कुठे बसला, हे बघण्यात त्याचा जन्म चाललाय. घरीही तेच. पोळी जाडी-भरडी झाली की तो काही बोलत नाही, नुसता दोन बोटांत धरून बघतो. मी म्हणते, "घे मोज, आणि रिजेक्ट कर." मग हसतो आणि खातो. तर या माणसाच्या डोक्यात त्या वर्षी कोळंबी शिरली. आकुर्डीला एका मित्राच्या घरी त्यानं काचेच्या टाकीत पाहिली होती. जवळ्याएवढी इवलीशी, अंगावर लाल-पांढरे पट्टे, हिरव्या शेवाळावर बसून दोन्ही हातांनी काही तरी वेचून खाणारी. "ती सारखी जेवतच असते," तो सांगत होता, "आणि तिला कसली घाईच नसते गं." चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रोज आयुष्य घालवणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

कोळंबी म्हटलं की मला फक्त कालवण आठवतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खायची नाही तर आणायची कशाला? आणि एवढ्याशा जवळ्याला काचेचं घर? तुमच्याकडे घाटावर काय एकेक थेरं!"

पण मिलिंदचं थेर बिनकारणाचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक मुलगी येणार होती.

वैशाली तेव्हा सात वर्षांची होती. लातूरकडच्या एका संस्थेतून येणार होती. आम्ही बाळासाठी अर्ज केला होता आणि वाट बघता बघता आमचे केस पिकायला लागले होते. मग संस्थेच्या ताईंनी विचारलं, मोठी मुलगी चालेल का. चालेल का म्हणजे काय! ‘चालेल’ हा शब्दच मला कसासा वाटला. ताईंनी आणखीही एक सांगितलं, आवाज जरा खाली आणून. वैशाली आधी एका घरी जाऊन आली होती. तिथे काही महिने राहिली आणि मग त्या लोकांनी तिला परत आणून सोडलं. "जमलं नाही," एवढंच ते म्हणाले होते. "ती त्रास देणार नाही हो तुम्हाला," ताई म्हणाल्या. "काही मागत नाही, हट्ट नाही, रडणं नाही. मला त्याचीच काळजी वाटते." आता ती आमच्याकडे राहणार, उन्हाळ्याच्या शेवटी ताई येऊन बघणार, तिला स्वतःला विचारणार, आणि तिनं मनापासून हो म्हटलं तरच पुढचं सगळं होणार होतं. म्हणजे त्या एका उन्हाळ्यात ठरायचं होतं ती आमची होते की नाही. हे तिलाही माहीत होतं. सात वर्षांच्या पोरीला हे माहीत असावं, याचाच मला इतका संताप यायचा, आणि तो काढायचा कुणावर हे कळायचं नाही.

"तिला बघायला घरात काही तरी जिवंत हवं," मिलिंद म्हणाला. "आपल्या दोघांची तोंडं किती बघेल?"

पिंपरी कॅम्पात कपड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत अस्लमभाईंचं माशांचं दुकान आहे. बाहेर रिक्षा, हॉर्न, भेळेच्या गाडीचा खडखडाट, आणि दोन पायऱ्या उतरून आत गेलं की सगळं एकदम बुडून जातं. चहूकडे काच, निळा उजेड, पंपांची बुडबुड. मला तर तिथे श्वास घेतानाही हळू घ्यावासा वाटला. अस्लमभाई मात्र त्या शांततेत मोठमोठ्यांदा बोलत बसलेले.

"भाभी, रंग नंतर. पहिले पानी बताओ," त्यांनी मलाच धरलं. "लोक येतात, म्हणतात लाल द्या, निळी द्या. अरे राव, तुमच्या घरचं पाणी कुठलं ते सांगा ना! स्थळ बघताना आपण घर बघतो का नाही? तसंच आहे हे."

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. साधी लाल, जिला ते चेरी म्हणत होते, तिला जड पाणी आवडतं, कारण पाण्यातल्या क्षारांतूनच तिचं कवच तयार होतं. बोअर असो, टँकर असो, ती खूश. पट्ट्यापट्ट्यांच्या कोळंबीचं नाव ‘बी’, म्हणजे इंग्रजीतली मधमाशी. तिला हलकं, किंचित आंबूस, गार पाणी लागतं. आणि एक कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या तळ्यातली, गरम पाण्यात राहणारी. "तिचं नाव पण काढू नका, मीच दोनदा हात पोळून घेतलेत." लाल, पिवळी, निळी चेरी एकत्र ठेवायची नाही, असंही ते म्हणाले. त्यांची पोरं, नातवंडं पुन्हा मातीच्या रंगाची निपजतात, आणि मग त्यांना कुणी गिऱ्हाईक राहत नाही. मातीच्या रंगात वाईट काय ते मला समजलं नाही.

"तर तुम्ही चेरी घ्या," अस्लमभाई म्हणाले.

मिलिंदची नजर पट्टेवालीवरून हलायला तयार नव्हती.

"पाणी हलकं मी करीन की. माझ्याकडे आहे पाणी," तो म्हणाला.

"घ्या मग. पण मागून माझ्या नावानं शंख करू नका." असं म्हणत त्यांनी आगाऊ पैसे घेतलेसुद्धा. धंदा तो धंदा.

मिलिंदकडचं पाणी म्हणजे कंपनीतलं डीएम वॉटर. रंग देण्याआधी गाडीचा सांगाडा शेवटचा ज्या पाण्यानं धुतात ते. त्यातून यंत्रानं क्षार न् क्षार काढून टाकलेला असतो, का तर थेंब वाळला तरी पत्र्यावर डाग उठू नये. साहेबांची परवानगी काढून, गेटपास करून त्यानं त्याचे कॅन घरी आणले. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं म्हणे, कशासाठी? हा म्हणाला, कोळंबीसाठी. तो बिचारा अजून याच्याकडे संशयानं बघतो. घरी येऊन मिलिंदनं पाण्यात क्षार मोजायचं पेनासारखं मीटर बुडवलं, त्यावर शून्य आलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघ. याच्याइतकं स्वच्छ पाणी पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाच्या घरात नसेल." अस्लमभाईंनी सोबत क्षारांची पूड दिली होती, थोडी घालायला सांगितली होती. ती त्यानं कपाटात ठेवून दिली. "एवढा खटाटोप करून कंपनी क्षार काढते आणि मी परत घालू? काही तरीच!" पेंट शॉपमधल्या माणसाला दुसरं काय सुचणार? डाग पडू नये एवढंच त्याला माहीत.

वैशाली आली त्याच आठवड्यात पट्टेवाल्या आल्या. टाकीतलं पाणी एकदम बदललं तर त्या दगावतात, म्हणून त्यांच्या पिशवीतल्या पाण्यात नव्या पाण्याचा एकेक थेंब सोडायचा असतो. बारीक नळी, तिला गाठ, आणि गाठीतून टप... टप... अख्खी दुपार. मिलिंद फरशीवर मांडी घालून बसला होता. वैशाली आधी दाराशी उभी राहिली, मग सोफ्याच्या कडेशी, मग त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसली. पडदे ओढलेले होते, बाहेर लाही लाही होत होती. थेंब पडायचा, पाण्यावर वर्तुळ उठायचं, मिटायचं, पुन्हा थेंब. मी आंब्याच्या फोडी घेऊन आले आणि मला त्या दोघांच्या मध्ये जाववेना. तशीच दारात ताटली घेऊन उभी राहिले. आयुष्यात मला फार गोष्टी नकोत, ही दुपार लांबत राहू दे, असं काहीसं मनात आलं होतं.

ताईंनी आम्हालाही हेच सांगितलं होतं, हळूहळू घ्या म्हणून. पण आमचा हात कुठला थांबायला! आम्ही तिला सगळं नवंकोरं आणलं. कपडे, चपला, दप्तर, ताटवाटी, कंगवा. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवायची आणि जिथे ठेवलं तिथेच ते राहायचं. वाढू? व्हय. झोपायचं? व्हय. आवडलं? व्हय. मला ती हाकच मारत नव्हती. काही हवं असेल तर समोर येऊन नुसती उभी राहायची, आणि काय हवंय हे आपण ओळखायचं. बुद्धपौर्णिमेला सासूबाईंनी येऊन केलेली खीर तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. मी म्हटलं आणखी देऊ? तर वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "नको. लई झालं." डोळे मात्र पातेल्यावर. माझा जीव तुटला अगदी. मी न विचारता वाढली, तर तीही संपवली.

एकदा मी आंघोळीहून येताना बघते तर ही बेसिनच्या नळाला ओंजळ लावून पाणी पितेय. टँकरचं! मी ओरडलेच, "अगं, ते प्यायचं नाही, पोट बिघडेल! फिल्टरचं आहे ना आत गार!" ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तोंडावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही. मग मी खाली बसले, आवाज उतरवला, विचारलं, का गं? नळाकडे बघत म्हणाली, "त्या पाण्याला चव न्हाई." तिच्या तिथलं पाणी बोअरचंच होतं. जड, किंचित खारट. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या नव्या वस्तूंत, तिच्या ओळखीची चव फक्त त्या नळाला होती. त्या दिवसापासून मी टँकरचं पाणी उकळून, गाळून तिच्यासाठी माठात भरायला लागले. मिलिंदनं त्यातही मीटर बुडवलंच. आकडा बघून कपाळाला हात लावला. पण ओतून टाकलं नाही.

आता सांगताना मी या गोष्टी एकमेकींना जोडते आहे. मला ती खोडच आहे. तेव्हा काही जोडलेलं नव्हतं, नुसती दुपारमागून दुपार जात होती. टाकीवर छोटा टेबल फॅन लावलेला, पाणी तापू नये म्हणून. त्या वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या पडायच्या आणि त्यांची जाळी छतावर हलत राहायची. वैशाली फरशीवर उताणी पडून छताकडे बघायची. पट्टेवाल्या शेवाळावर बसून जेवायच्या. कुकर, भांडी, टीव्ही सगळं बंद. कुठे तरी लांब हायवेवरून कंटेनर जात असायचे, त्यांचा गडगडाट इथवर येईपर्यंत अगदी मऊ होऊन यायचा. मी तिच्या शेजारी आडवी व्हायचे. कधी झोप लागायची, कधी नाही. जाग आली की आधी हात लांब करून बघायचे, ती आहे ना.

मग पट्टेवाल्या मरायला लागल्या.

कोळंबी वाढते तसं तिला कवच टाकावं लागतं. जुनं सोलून बाहेर यायचं, नवं अंगावर घट्ट होईपर्यंत लपून बसायचं. आमच्या त्या शून्य पाण्यात नवं कवच बनवायला काही नव्हतंच. त्यांच्या मानेशी पांढरी रेघ उमटायची, आणि अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत अशा त्या अडकून मरायच्या. मिलिंद ऑफिसातून आला की बूट न काढता टाकीपाशी. चमच्यानं एकेक बाहेर काढायचा. चेहरा काळवंडलेला. वैशाली लांबून बघत राहायची.

शेवटी एका रविवारी त्यानं बाल्कनीत उभं राहून अस्लमभाईंना फोन लावला. आम्ही दोघी खाली बसून गवार मोडत होतो. त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"उरल्यात थोड्या. त्या परत घेऊन टाका राव. आमच्याकडे नाही टिकत त्या. नाही, पैशाचं सोडा, नुसत्या घेऊन जा. जमत नाही आमच्याकडे."

वैशालीची बोटं थांबली. गवारीची शेंग तशीच हातात. मग तिनं ती मोडली, ताटात टाकली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"त्यांनी काय केलं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणी गं?"

"त्या पट्टेवाल्यांनी. परत द्यायलाव की. काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं गं बाई," मी म्हटलं. "त्यांनी काहीच नाही केलं."

"मग?"

मी वर पाहिलं. बाल्कनीच्या दारात मिलिंद फोन कानाला लावून उभा होता. त्यानं ऐकलं होतं. पलीकडून अस्लमभाई "हॅलो, हॅलो" करत होते, तेही मला ऐकू येत होतं. एवढा मोठा माणूस, एक हात काचेच्या दाराला टेकवून उभा, आणि डोळे भरलेले. मग म्हणाला,

"अस्लमभाई, राहू द्या. नाही आणत परत. यांच्यासाठी पाणी कसं बनवायचं तेवढं सांगा."

त्यावर अस्लमभाईंनी त्याला मनसोक्त झापलं असणार, कारण तो बराच वेळ नुसतं "हो, हो, चुकलंच" करत होता. संध्याकाळी कपाटातून ती क्षारांची पूड बाहेर निघाली. शून्य पाण्यात चिमूट चिमूट घालायची, ढवळायचं, मीटर बुडवायचं, पुन्हा चिमूट. वैशाली वाटी धरून शेजारी. "झालं?" तो विचारायचा. तिला आकडा वाचता येत होता, पण किती झाला की पुरे हे माहीत नव्हतं, तरी ती गंभीरपणे मान हलवायची. "आजून."

मला कुणी विचारलं, आणि अधूनमधून विचारतात सोसायटीतली मंडळी, की टाकीत कोणती कोळंबी ठेवू, तर मी अस्लमभाईंचंच सांगते. आधी तुमचं पाणी बघा आणि त्याला मानवेल तीच आणा. पाण्याशी कुस्ती खेळू नका. हे शंभर टक्के खरं आहे. पण हे आणण्याआधीचं खरं. एकदा पिशवी घरात आली, थेंब थेंब करून ती टाकीत उतरली, की मग तो हिशेब संपतो. मग कसं मानवेल ते पाण्यानं बघायचं असतं. माणसं स्थळं बघतात, भाडेकरू बघतात, शाळा बघतात, आपल्याला काय मानवेल ते बघूनच सगळं घेतात, त्यात गैर काही नाही. पण त्या आधीच्या घरातली माणसं मी कधी पाहिली नाहीत, त्यांची नावंही मला नकोत, आणि तरी त्या उन्हाळ्यात मी मनातल्या मनात त्यांच्याशी किती भांडले असेन. चिमूटभर काही घालून बघितलंत का हो? ढवळून बघितलंत?

पट्टेवाल्यांतल्या थोड्या वाचल्या. त्यांची टाकी वेगळी झाली, खिडकीपासून लांब, गार कोपऱ्यात. आणि मोठ्या टाकीत टँकरचं पाणी, थोडं नळाचं, आठवडाभर मुरवून भरलं. त्यात साध्या लाल चेरी आल्या. त्यांची तर काही तक्रारच नाही. जड पाण्यात त्या अशा रंगल्या की डाळिंबाचे दाणे सांडल्यासारख्या दिसायच्या. थोड्याच दिवसांत वैशालीला काचेशी एक पांढुरकी कोळंबी पडलेली दिसली. हलेना. ती धावत आली आणि माझा हात धरून मला ओढत घेऊन गेली. मेली, असंच मलाही वाटलं. मिलिंदनं बघितलं आणि हसला. ते नुसतं कवच होतं, आरपार दिसणारं, मिशांसकट. "कोळंबी कुठाय मग?" मी विचारलं. तिघंही गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. लाकडाच्या खोबणीत, पानाआड, ती होती. नवी, ओली, रंग अजून पुरता न भरलेली. "तिला हात नका लावू, तिला आता भ्या वाटतंय," वैशाली कुजबुजली. माझा हात तिनं ओढून आणला होता तो अजून तिच्या हातातच होता. मी हलले नाही. गुडघे दुखायला लागले तरी हलले नाही.

मे सरला, आंबे उतरले, आणि ताईंचा निरोप आला की त्या येणार.

मिलिंदनं घर असं घासलं की पेंट शॉपलाही लाज वाटावी. मी पोहे केले, शिरा केला, पुन्हा पोहे कमी पडतील म्हणून आणखी भिजवले. नळाला पाणी नसण्याचा दिवस होता आणि टँकर अजून आला नव्हता. ताई एसटीनं, मग बसनं, उन्हातून घामाघूम होऊन आल्या. वैशाली सोफ्यावर सरळ बसली होती, हात मांडीवर, केस चापून बसवलेले.

"बरी आहेस ना गं?"

"व्हय."

"जेवण आवडतं इथलं?"

"व्हय."

"काका-काकू चांगले आहेत ना?"

"व्हय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या नजरेत सगळं दिसलं. असंच ‘व्हय’ तिनं आधीच्या घरातही म्हटलं असणार, परत आणून सोडायच्या आदल्या दिवशीसुद्धा. त्या म्हणाल्या, थोड्या वेळानं मी तिला एकटीला आत नेऊन विचारते. मी म्हटलं, आधी पोहे खा. ताई हात धुवायला बेसिनपाशी गेल्या. तोंडावर पाणी मारलं, उन्हातून आल्या होत्या, पुन्हा मारलं, आणि नळ तसाच वाहता ठेवून मागे वळून मला सांगायला लागल्या की लातूरला यंदा काय ऊन आहे.

"ओ ताई! नळ बंद करा की!"

मी दचकले. वैशाली सोफ्यावरून उठून पॅसेजमध्ये येऊन उभी होती. कमरेवर हात. कान लाल झालेले.

"पाणी काय फुकट येतंय व्हय? आज नळाचा दिवस न्हाई आमचा. टँकर बी आला न्हाई आजून. सगळं तुमीच सांडलाव तर आमी रात्री काय करायचं? आन् आमच्या चेऱ्यांला कुठनं घालायचं?"

"वैशाली!" माझ्या तोंडून निघालंच. ज्या बाईंच्या हातात सगळं होतं त्यांनाच ही दम देत होती. मिलिंद पोह्यांचा ट्रे घेऊन तसाच थिजला. मला वाटलं, संपलं. आता ही घाबरणार, भिंतीला चिकटणार, आणि पुन्हा ते ‘व्हय, व्हय’ सुरू होणार. पण ती मागे हटली नाही. ताईंच्या डोळ्यांत बघत तशीच उभी राहिली.

ताईंनी घाईघाईनं नळ बंद केला. कोपरांवरून पाणी निथळत होतं. "चुकलं बाई माझं," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "अहो, ही कधी कुणावर ओरडली नव्हती हो." मला टॉवेल द्यायचंही सुचलं नाही, मी तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागले, पाहुण्यांसमोर, कसलीही लाज न धरता.

वैशालीनं आमच्या दोघींकडे एकदा रागानं पाहिलं, पुढे झाली, आणि टाचा उंच करून तो नळ आणखी एकदा घट्ट पिळला.